हवाई अंतर सांगू नका, तास सांगा!

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमान पंधरा-सोळा तासांत नेऊन सोडतं. मुंबई ते बीड हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. त्याला ट्रॅव्हल्सने आख्खी रात्र, आठ-नऊ तास. अंतर चाळीस पट, पण वेळ दुप्पटच!

मित्रांनो, हे हवाई अंतर काढतात कसं? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई-न्यूयॉर्क रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो वर नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने जातो. तोच सगळ्यात जवळचा मार्ग. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन मोबाईल हाच हिशोब करतो. तरी विमान अगदी त्या रेषेवरून उडेलच असं नाही. वारा बघावा लागतो, हवाई हद्द बघावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केली आणि आपली विमानं वळसा घेऊन जायला लागली. अंतर तेच, वेळ आणि इंधन वाढलं.

म्हणजे हवाई अंतर हा फक्त एक आकडा आहे. माणूस त्या आकड्यातून प्रवास करत नाही.

आता आपल्याकडे या. बीडपासून छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, रस्त्याने सव्वाशेच्या वर. नारायणगडाच्या आसपासच्या वाडी-वस्तीवरच्या माणसाला आधी बीड गाठायचं, मग पुढचं बघायचं. भाषणात मात्र "विमानतळ हाकेच्या अंतरावर"!

बीडला विमानतळ व्हावा, माझा विरोध नाही. पण नुसत्या धावपट्टीने अंतर कमी होत नाही. लातूरची धावपट्टी कितीतरी वर्षं नियमित प्रवासी विमानाविना पडून राहिली. आपल्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! तीही सुरुवातीच्या वेळापत्रकात अहिल्यानगरपर्यंतच्या १६७ किलोमीटरला साडेपाच तासांच्या आसपास घेणारी. तासाला तीस किलोमीटर. गाडी आली याचा आनंद आहेच, पण दवाखान्यात, परीक्षेला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला किलोमीटर नाही, तास मोजावे लागतात.

म्हणून यापुढे कुठलीही घोषणा झाली की एकच प्रश्न विचारा. साहेब, माझ्या उंबऱ्यापासून मुंबईपर्यंत किती तास वाचणार, आणि कोणत्या सालापासून?

तुमच्या गावातून मुंबई-पुण्याला जायला खरे किती तास लागतात, कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. आपला नकाशा आपणच तयार करू.