यंत्रे सामायिक, कारभार कोणाचा?

इंटरनेटच्या रचनेत नवी सुधारणा सुचविणाऱ्या संशोधकापुढे जुनाच पेच असतो. प्रयोग चालू इंटरनेटवर करावा, तर बँका व रुग्णालयांचे व्यवहार विस्कळीत होण्याचा धोका. प्रयोगशाळेतील दहा-वीस संगणकांवर करावा, तर निष्कर्ष खऱ्या जगात टिकतील याची शाश्वती नाही. यावर उपाय म्हणून अनेक संस्थांच्या संगणकांची सामायिक जाळी, म्हणजे ‘टेस्टबेड’, उभी राहिली. मात्र त्यांचा इतिहास पाहता, यंत्रे जोडण्यापेक्षा ती वाटून वापरणेच अधिक अवघड ठरले, असे दिसते.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००२ मध्ये ‘प्लॅनेटलॅब’ सुरू झाली. सहभागी संस्थेने स्वतःचे संगणक द्यायचे आणि त्या बदल्यात जगभरातील संगणकांचा थोडा थोडा हिस्सा वापरायचा, असा हा सहकारी व्यवहार होता. संगणकांची संख्या हजारावर गेली. परंतु एकाच संगणकावर अनेकांचे प्रयोग चालत. परिषदांना शोधनिबंध पाठविण्याची मुदत जवळ आली की भार असह्य होई आणि एखादे यंत्र ऐन प्रयोगात बंद पडे. शेकडो संगणकांवर हाताने लक्ष ठेवणे अशक्य होते. म्हणून योग्य यंत्रे निवडणारी, त्यांवर प्रयोग चढविणारी व बिघाड होताच तो सावरणारी ‘प्लश’सारखी सॉफ्टवेअर तयार झाली.

युटा विद्यापीठाच्या ‘एम्युलॅब’ने वेगळा मार्ग धरला. जाळ्याचे वर्णन एका फाइलमध्ये लिहून द्यायचे. त्यानुसार यंत्रे तेवढ्यापुरती एकाच संशोधकाच्या स्वाधीन होत आणि ती विनावापर पडून राहिल्यास परत घेतली जात. त्यामुळे तोच प्रयोग पुन्हा मांडणे शक्य झाले.

पुढचा प्रश्न होता, या वेगवेगळ्या टेस्टबेडना एकत्र नांदविण्याचा. अमेरिकेतील ‘जेनी’ प्रकल्पाने आणि युरोपातील ‘फेडफॉरफायर’ने त्यासाठी सामाईक नियम स्वीकारले. एका संस्थेने दिलेली ओळख दुसरीने मानायची, पण आपल्या यंत्रांवरील अधिकार सोडायचा नाही, हे त्यांचे सूत्र. बेल्जियममधील गेंट येथे घडलेल्या ‘जेफेड’मुळे संशोधकाला पडद्यावर आराखडा काढून निरनिराळ्या टेस्टबेडवरील यंत्रे मागविता येऊ लागली.

ही केवळ तांत्रिक सोय नव्हे. प्लॅनेटलॅब २०२० मध्ये बंद झाली, जेनी २०२३ मध्ये. यंत्रे जुनी होतात, अनुदाने संपतात. प्रयोगाचे नेमके वर्णन सामाईक भाषेत जपलेले असेल, तरच तो अन्यत्र पडताळता येतो. अन्यथा सार्वजनिक पैशातून मिळालेले निष्कर्ष केवळ विश्वासावर स्वीकारावे लागतात.

भारतातही हा विषय दूरचा राहिलेला नाही. मद्रास आयआयटीच्या नेतृत्वाखाली, मुंबई आयआयटीसह आठ संस्थांनी २२० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा फाइव्ह-जी टेस्टबेड उभारला. मे २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. उद्योग व नवउद्योगांना आपली उत्पादने देशातच तपासता यावीत, हा त्याचा हेतू. अशा सुविधेचे यश तेथील उपकरणांच्या किमतीवर मोजता येणार नाही. लहान कंपनीला किंवा आडगावच्या महाविद्यालयाला तेथे किती सुलभपणे वेळ मिळतो, हीच खरी कसोटी होय. उद्घाटन यंत्रांचे होते. कारभार चालविणाऱ्या सॉफ्टवेअरचे होत नाही. अंदाजपत्रकात मात्र दोहोंनाही स्थान हवे.