घरांतील विजेचें त्रैराशिक

हल्लीं पुष्कळ घरांत स्नानाचें पाणी विजेवर तापतें आणि चहाची किटलीही विजेवरच चढते. ह्या उपकरणांच्या पाठीवर जे आंकडे छापलेले असतात, ते मात्र सहसा कोणी वाचीत नाहीं. त्यांचा अर्थ लावण्यास गुणाकार-भागाकारापलीकडे कांहीं लागत नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विजेला तारेंतून ढकलणारा जोर तो दाब. तो व्होल्टांत मोजतात. वाहणारी वीज तो प्रवाह. तो अँपिअरांत मोजतात. तार ह्या प्रवाहास जी आडकाठी करते तो रोध. तो ओहमांत मोजतात. ह्या तिहींचें नातें गेऑर्ग ओहम ह्या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. स्वदेशांत प्रथम त्याची उपेक्षाच झाली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें. तापमान स्थिर असतां दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध निघतो, हें त्याच्या नियमाचें सार. आणि दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते. तिचें माप वॅट.

आतां उदाहरण घेऊं. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. पाण्याचा बंब २००० वॅटचा असेल, तर प्रवाह २००० भागिले २३०, म्हणजे सुमारें ८.७ अँपिअर, आणि रोध २३० भागिले ८.७, म्हणजे सुमारें २६.५ ओहम. संध्याकाळीं दाब १८० वर उतरला, तर रोध जवळजवळ तोच राहतो, पण प्रवाह ६.८ अँपिअर होतो आणि शक्ति सुमारें १२२५ वॅटच उरते. पाणी तापण्यास दीडपटीहून अधिक वेळ लागतो. अशा वेळीं बंब बिघडला असें समजून कारागिरास बोलावण्याचें कारण नाहीं.

ह्याच गणिताची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १५०० वॅटच्या किटलीस ६.५ अँपिअर लागतात. म्हणजे ६ अँपिअरच्या लहान सॉकेटास ती एकटीच जड होते. मध्यें अडॅप्टर घालून ती तेथें लावणें धोक्याचेंच. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम असला, तर ८.७ अँपिअरच्या प्रवाहानें तेथें सुमारें ३८ वॅट उष्णता निर्माण होते. डाख देण्याचें विजेचें हत्यार पुष्कळदां एवढ्याच शक्तीचें असतें, आणि तें धातु वितळवितें! प्रवाह दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार बसविणारे गृहस्थ हा पहारेकरीच घरांतून घालवून देतात. मग फ्यूजऐवजीं भिंतींतली तार तापते.

आमची सूचना साधी आहे. घरांतील एखाद्या शाळकरी मुलास वही घेऊन बसवावें. प्रत्येक उपकरणाचे वॅट पाहून त्यानें त्यांस २३० नें भागावें, आणि एका सॉकेटावर चालणाऱ्या उपकरणांच्या प्रवाहांची बेरीज सॉकेटावर लिहिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावी. बेरीज अधिक भरली, तर तीं उपकरणें एकदम लावूं नयेत, हा नियम घरांतील वडील माणसांनींही पाळावा. मुलाचें गणित पक्कें होईल आणि घरास आगीचें भय कमी राहील.