पर्यावरणाची विद्या आणि सातपूरचा कामगार

वाचकहो, पर्यावरणाच्या पदवीने पोट भरेल काय, असा प्रश्न सातपूरचा कामगार पालक विचारील. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. औद्योगिक वसाहतीलगतची नासर्डी पुढे गोदावरीस मिळते. तिच्या काठी कोणाची वस्ती आहे, हे आपणांस सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पदवीच्या सर्व शाखांत पर्यावरणाचा एक पेपर आला. तेवढ्याने भागणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे सांडपाणी सोडण्यापूर्वी कारखान्यास मंडळाची संमती घ्यावी लागते. २०१० च्या कायद्यान्वये बाधितास हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र संमतिपत्रातील अटी व पाण्याच्या तपासणीचे आकडे ताडून पाहणारा आपल्यातच हवा. अर्जाचा अधिकार कायद्याने दिला आहे. पुरावा विद्येनेच मिळवावा लागेल. मुलामुलींना ती विद्या घेऊ द्या.