आधी विचारपूस, मग विक्री

बहुतेक व्यापारी घराण्यांतील तरुण पिढीने आता दुकानाचे इन्स्टाग्राम किंवा फेसबुक खाते उघडले आहे. नव्या मालाची छायाचित्रे रोज झळकतात, सणावारी शुभेच्छा जातात आणि फॉलोअर्सची संख्या काही हजारांवर पोहोचते. मात्र रात्री रोजमेळ लिहिताना त्यांपैकी कितीजण दुकानाची पायरी चढले, हे कोणालाही सांगता येत नाही. वडीलधाऱ्यांना यात वेळेचा अपव्यय दिसतो, तर मुलांना दुकानाचे भविष्य. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पाहणारा आणि घेणारा यांच्यामधील एक पायरी राहून गेली आहे. ती पायरी विचारपुशीची.

जुन्या पेढीवर ग्राहक आला की जाणता दुकानदार लगेच माल पुढे टाकत नसे. कोणासाठी हवे, कोणत्या प्रसंगासाठी, साधारण किती रुपयांपर्यंत, हे बोलण्याच्या ओघात जाणून घेतल्यावरच त्याचा हात फडताळाकडे जाई. समाजमाध्यमांवरील प्रश्नमंजूषा, म्हणजेच क्विझ, हे त्याच विचारपुशीचे नवे रूप होय. अमेरिकेत 2011 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टिच फिक्स’ या कंपनीचा व्यवसायच यावर उभा राहिला. ग्राहक प्रथम माप, आवड आणि खर्चाची मर्यादा सांगणारी प्रश्नावली भरतो, त्यावरून निवडलेले कपडे घरी येतात आणि तो हवे ते ठेवून उरलेले परत पाठवतो. 2010 मध्ये सुरू झालेली चष्म्यांची ‘वॉर्बी पार्कर’ ही कंपनीदेखील काही सोपे प्रश्न विचारून फ्रेम सुचविते.

आपल्याकडील भांड्यांच्या दुकानालाही हे सहज करता येईल. ‘आपल्या स्वयंपाकघरास कोणता कुकर योग्य?’ एवढे शीर्षक पुरेसे आहे. प्रश्न पाचच असावेत. रोज किती माणसांचा स्वयंपाक होतो? शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची? वरणभात डबे ठेवून लावला जातो की थेट कुकरमध्ये? सध्याच्या कुकरची तक्रार काय? आणि खर्चाची मर्यादा किती? यांतील प्रत्येक प्रश्नाने उत्तर बदलते. दोघांच्या घरास दोन-तीन लिटरचा कुकर पुरतो, चार-पाच माणसांस पाच लिटरचा लागतो. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. त्यासाठी चुंबक चिकटेल असा तळ हवा. डबे लावणाऱ्यांस उंची पाहावी लागते. ज्या प्रश्नाने उत्तर बदलत नाही, तो निःसंकोचपणे गाळावा.

एखाद्याची तक्रार केवळ कडेने वाफ जाण्याची असेल, तर त्याचे प्रामाणिक उत्तर काय? ‘नवा कुकर घेण्याची घाई नको, आधी झाकणाचे रबर बदलून पाहा.’ असे उत्तर देण्याची तयारी असेल तरच प्रश्नमंजूषा सुरू करावी. सर्व वाटा सर्वांत महागड्या वस्तूकडेच जात असतील, तर दोन शेजारणी आपापली उत्तरे ताडून पाहताच ते बिंग फुटेल. रबराच्या विक्रीत नफा अल्प असतो, पण ज्याचे पैसे वाचले तो मुलीच्या लग्नातील भांडी घेण्यास कोठे जाईल, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही.

सामान्यज्ञानाचे कोडे घालून बक्षीस वाटण्याची प्रथा बरीच रूढ आहे. त्याने गर्दी जमते, पण ती बक्षिसासाठी जमते. कोणाला काय हवे, हे त्यातून कळत नाही.

साधनांना खर्च फारसा नाही. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत प्रश्न किंवा मतचाचणीचे स्टिकर लावता येते आणि कोणी काय उत्तर दिले, हे खातेदारास दिसते. मात्र स्टोरी 24 तासांनी नाहीशी होते, म्हणून ती आमंत्रणापुरती ठेवावी. मूळ प्रश्नावली गूगल फॉर्म्समध्ये करावी, कारण तेथे उत्तरानुसार पुढील भाग बदलतो. प्रत्येक निष्कर्षाखाली व्हॉट्सॲपचा वेगळा दुवा द्यावा, त्यात ‘पाच लिटरच्या कुकरविषयी माहिती हवी’ असा मजकूर आधीच लिहून ठेवता येतो. दुकानाच्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशा ग्राहकांना गरजेनुसार लेबल लावावे.

दूरध्वनी क्रमांक केव्हा मागावा, याला फार महत्त्व आहे. अनेकजण क्रमांक दिल्याविना उत्तरच दाखवत नाहीत. विचारपूस करून सल्ल्यासाठी अडवून धरणारा दुकानदार कोणाला आवडेल? आधी उत्तर द्यावे, नंतर इच्छा असल्यास क्रमांक घ्यावा. क्रमांक कमी मिळतील, पण जे मिळतील ते खऱ्या ग्राहकांचे असतील.

मिळालेली माहिती ही दुसऱ्याची ठेव आहे, याचा विसर पडल्यास काय होते, हे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाने 2018 मध्ये जगाला दाखवले. फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या निमित्ताने चाचणी देणाऱ्यांसह त्यांच्या मित्रपरिवाराचीही माहिती गोळा झाली आणि राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या त्या कंपनीकडे गेली. फेसबुकच्या अंदाजानुसार जगभरातील 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांना त्याची झळ पोहोचली असावी. भारतात ते ॲप अवघ्या 335 जणांनी घेतले होते, तरी संभाव्य बाधितांची संख्या 5 लाख 62 हजारांवर गेली.

आपल्या देशात 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जाते, हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, ती मागे घेणेही देण्याइतकेच सोपे असावे आणि 18 वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेऊ नये, हे त्याचे सार आहे. सूचना मराठीतही देता आली पाहिजे. कुकर विकणाऱ्यास जन्मतारीख कशाला हवी, असा प्रश्न घरातच विचारला गेला तर बरेचसे काम तेथेच होते.

शेवटी हिशेब. कितीजणांनी प्रश्नावली सुरू केली, कितीजणांनी पूर्ण केली, कितीजणांनी संदेश पाठवला आणि कितीजणांचे बिल झाले, असे चार रकाने महिनाभर भरावेत. अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतील तर प्रश्न लांबले आहेत, असे समजावे. संदेश येऊनही बिल होत नसेल तर उत्तर देण्यास विलंब होतो का किंवा भाव जुळत नाही का, हे पाहावे. हे रकाने सून किंवा मुलगा भरील, पण प्रश्न कोणते विचारावेत हे मात्र तीस-चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या आजोबांनाच अधिक ठाऊक असते. प्रश्नावली करण्यास बसताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे.