दुर्मिळ हवंय? मग धोंडो ठेवा!

'सर, काहीतरी दुर्मिळ सांगा,' असं म्हणत बारशाच्या आधी माझ्याकडे नाव मागायला येणाऱ्यांना मी हल्ली एकच नाव सांगतो. धोंडो. जोडपं आधी हसतं. मी हसत नाही हे बघून कावरंबावरं होतं आणि चहा अर्धा टाकून उठतं. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, पण माझ्या पटावर धोंडो नावाचा पोरगा कधी आला नाही. रत्नागिरीत आजच्या घडीला याहून दुर्मिळ नाव शोधून दाखवा. मग राग कसला येतो? दुर्मिळ कुणालाच नको असतं, म्हणून येतो. हवं असतं ते सगळ्यांकडे आहे तेच. फक्त शेजारच्या फ्लॅटमध्ये अजून पोचलेलं नसावं, एवढंच.

कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत जाऊन बघा. रेयांश, विवान, वियान, कियान, अद्विक. प्रत्येकाच्या आईला वाटतं की आपण जगावेगळं नाव ठेवलं, आणि बाईंना हजेरी घेताना कुठला 'आन' कुठला ते कळत नाही. नावाचा अर्थ विचारला की मोबाइल पुढे येतो. रेयांश म्हणजे सूर्यकिरणाचा अंश म्हणे! 'रे' इंग्रजी, 'अंश' संस्कृत, आणि हे कडबोळं ठेवणारा बाप वर सांगतो की आम्हाला शुद्ध संस्कृतच हवं होतं. हिंदी सिनेमातल्या एका नटाच्या घरून 'आरव' आला आणि महाराष्ट्रभर पसरला. यादीत त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. मूल रात्रभर ते सिद्ध करतं, तरी आईबापांना संशय येत नाही. परमुलखातला आंबा 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या पेटीत भरून विकतात, त्यातलीच ही गत: पेटीवरचं लेबल वाचायचं आणि फळ हुंगायचंही नाही.

'पण सर, अक्षर ज्योतिषानं काढून दिलंय.' त्याचीही गंमत ऐका. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं. यालाच अवकहडा चक्र म्हणतात. त्यात आर्द्रेच्या एका चरणाला 'ङ' येतो, हस्ताच्या एका चरणाला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला 'ञ'. त्या चरणांवर जन्मलेल्या पोरांची नावं कोणी 'ङ'वरून ठेवल्याचं ऐकलंय? तिथं गुरुजी गुपचूप वाट काढतात आणि यजमान गुपचूप मान डोलावतात. शास्त्र अडचणीचं झालं की लवचीक होतं, सोयीचं असलं की अढळ. खऱ्या शास्त्राचीच हौस असेल तर पारस्कर गृह्यसूत्र बघा. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं आणि त्याचा आरंभ घोष वर्णानं व्हावा, असं ते सांगतं. 'धोंडो' दोन्ही कसोट्यांवर पास. 'कियान' पहिल्याच अक्षराला नापास, कारण क अघोष.

आता या धोंडोची जन्मकथा. ज्या घरात एकामागून एक मुलं दगावायची, तिथं पुढच्या पोराला मुद्दाम हलकं नाव द्यायचे. धोंडू, दगडू, केरू, भिकू. जे दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलेलं आहे, त्याला यम कशाला हात लावील? बाळंतिणीच्या खोलीत मृत्यू रोजचा पाहुणा असे त्या काळातली ही युक्ती. अंधश्रद्धा? अर्थात अंधश्रद्धा. लस नव्हती, डॉक्टर नव्हता, तेव्हा आईच्या हातात एवढंच उरलं होतं. पण त्या नावाचा हेतू बघा. ती बाई मरणाशी सौदा करत होती: माझ्या पोराचा मान ने, त्याला ठेव. आजची नावंही सौद्यासाठीच ठेवतात, पण तो सौदा शेजाऱ्याशी, शाळेच्या प्रवेशसमितीशी आणि अजून न मिळालेल्या व्हिसाशी असतो. 'उद्या अमेरिकेत गेला तर तिथल्यांना उच्चारता यायला हवं.' पोराला अजून मान धरता येत नाही आणि त्याची जीभ कुणाच्या सोयीनं वळावी याची चिंता सुरू!

नावाचा स्वभावावर परिणाम होतो, हा अंकशास्त्रवाल्यांचा धंदा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवला की नशीब फळफळतं म्हणे. १९१० साली बारामतीला एका घरात त्या धोंडू-दगडूंसारखाच मुलगा झाला. आधीचे मुलगे गेले होते म्हणून त्याचं नाक टोचलं, नथ घातली, मुलीसारखं वाढवलं. मूळचा रामचंद्र नथीमुळे नथुराम झाला. १९२९च्या सुमारास वडिलांची टपाल खात्यातली बदली रत्नागिरीला झाली आणि स्थानबद्ध सावरकरांशी त्याची गाठ इथंच पडली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मरणाला चकवण्यासाठी ठेवलेल्या नावानं पोर जगलं. जगून काय केलं, याची जबाबदारी नाव घेत नसतं. नाव बदलून भाग्य बदलतं असं सांगणाऱ्याला हा एक दाखला पुरेसा आहे.

त्याच भीतीच्या कुळातलं दुसरं नाव आपल्याच जिल्ह्यातलं. धोंडो केशव कर्वे, जन्म १८ एप्रिल १८५८, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. घर दापोलीजवळच्या मुरुडचं. परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसात सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेला आणि 'वयानं लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला न बसवता परत पाठवला गेला. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, मुरुडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न. त्यांचा चिरंजीव रघुनाथ. संततिनियमनाचं नाव काढलं की लोक कान झाकत त्या काळात त्यानं १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, दंड भरले. र. धों. कर्वे. त्या 'धों'मध्ये धोंडोच आहे. ना. धों. महानोरांच्या मधल्या अक्षरातही तोच. विजय तेंडुलकरांच्या वडिलांचं नाव धोंडोपंत, सत्तावनच्या नानासाहेब पेशव्यांचं मूळ नावही धोंडोपंत. म्हणजे मराठी कविता, नाटक, समाजसुधारणा आणि बंड, सगळीकडे हा धोंडा आहे. आपल्या घरात मात्र तो आद्याक्षरातही नको.

'सर, जुन्याचा एवढा पुळका?' नाही. इथं मला आपल्याच लोकांना दोन खडे बोल सुनवायचे आहेत. त्या जुन्या काळात दगड एकच होता, पण एकाला 'पंत' लागायचं आणि दुसऱ्याला 'या'. वरच्या आळीतला धोंडोपंत, गावाबाहेरचा धोंड्या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगूनच ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं जुगुप्सित. आईनं प्रेमापोटी ठेवलेलं हलकं नाव आणि समाजानं तुच्छतेनं ठेवलेलं हलकं नाव दिसायला सारखं, पण पहिल्याचं कवच होतं आणि दुसऱ्याचा डाग. दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार झाला आणि १९७८ साली त्यानं 'बलुतं' लिहिलं. त्यानं नाव का बदललं, हे विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाला नाही. मुलींच्या वाट्याला तर कवचही आलं नाही. मुलगा जगावा म्हणून धोंडू, आणि पुढची मुलगी होऊ नये म्हणून नकुशा! २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशांना सरकारी समारंभात नवी नावं द्यावी लागली. तेव्हा 'पूर्वीची नावं किती छान होती' असले उसासे माझ्यापुढे टाकू नका.

दुर्मिळ नाव कसं ठेवावं, तेही याच जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसानं दाखवून दिलंय. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी 'मिलिंद' हे नाव दिलं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटलं तर ते मान्य करणारा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारायची बंदी होती, त्यांच्या मुलांच्या शाळेवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव! सिद्धार्थ, राहुल, आनंद यांच्याबरोबर तेही घराघरांत गेलं आणि आज मिलिंद कुठल्या जातीचा हे नावावरून ओळखता येत नाही. नाव परदेशी होतं, दुर्मिळ होतं, पण त्यामागे विचार होता. 'कियान'मागे कुठला आहे? ते नावही इराणी राजघराण्यातूनच आलंय, पण ठेवणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, 'छोटं आहे, क्यूट आहे.'

परकं नाव वाईट, असंही मी म्हणत नाही. ज्या हापूसवर आपण मिशा पिळतो, त्याचं नाव पोर्तुगीज अफोन्सोवरून आलं असं मानतात. कोकणी जिभेनं ते घोळून घोळून आपलं केलं. उलट, गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव बघा. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं नाव होतं केशव. घरात बाळ म्हणत, तेच टिकलं. लोकमान्य म्हणून देशाला हलवणारा माणूस जन्मभर कागदोपत्री नुसता 'बाळ' होता आणि त्याचं काही अडलं नाही.

कायद्यानंही तुमची घाई केलेली नाही. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलं. कर्वे पितापुत्रांना समाधान वाटलं असतं अशी ही सुधारणा. पण बारशाला जमलेल्यांत त्याबद्दल चकार शब्द नसतो. चर्चा सगळी 'विवान'मध्ये 'ए' एक की दोन याची.

तेव्हा धोंडो ठेवू नका. तो पेलायची तुमची तयारी नाही आणि ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांनी तो टाकला हे योग्यच झालं. पण एवढं तरी करा: पोराच्या नावात सूर्य, सम्राट, ईश्वराचा अंश आणि अद्वितीयपणा आधीच कोंबून ठेवू नका. दगड म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला महर्षी व्हायला एकशे चार वर्षांचं आयुष्य मोकळं मिळालं होतं. पाळण्यातच सूर्य झालेल्याला मोठं होऊन फक्त मावळायचं उरतं.