‘कॅन’ की ‘कॅन्ट’? आपला ॲक्सेंट बदलणारं एआय नक्की कोणासाठी आहे?

एक शब्द चुकीचा ऐकला म्हणून मी शुक्रवारची अख्खी रात्र जागून काढली आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. क्लायंट अमेरिकेतला, कॉल आपल्या संध्याकाळी साडेसातला. तिकडचा मॅनेजर म्हणाला, ‘वी कॅन्ट गो लाइव्ह टुडे.’ मी ऐकलं, ‘वी कॅन’. कॉलवर कॅप्शन चालू होत्या, त्यांनीही ‘कॅन’च लिहिलं, त्यामुळे मी निर्धास्त. नऊ वाजता कोड लाइव्ह केला, साडेनऊला फोन सुरू झाले, आणि जुनं व्हर्जन परत बसेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

समोर लंडनचा माणूस असता तर हा घोळ झाला नसता. तो ‘कान्ट’ म्हणतो, सरळ ‘आ’ लावून. अमेरिकन माणूस दोन्हीकडे ‘ॲ’ लावतो आणि शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा घशातच अडवतो. मग ते एकमेकांचं कसं समजून घेतात? तर होकारातल्या ‘कॅन’वर ते जोरच देत नाहीत, तो घाईत ‘कन’ होतो: ‘वी कन गो’. म्हणजे वाक्याच्या मध्ये ठसठशीत ‘कॅन’ ऐकू आला तर तो बहुधा नकार असतो. (‘येस, वी कॅन’ असं शेवटी आलं तर गोष्ट वेगळी.) ही एवढी गोष्ट इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे ॲक्सेंट बदलणारं एआय. २०२५ च्या सुरुवातीला टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या फ्रेंच कॉल सेंटर कंपनीने जाहीर केलं की भारतातल्या कर्मचाऱ्यांचा इंग्रजी ॲक्सेंट कॉल चालू असतानाच सौम्य करणारं सॉफ्टवेअर ती वापरणार आहे. सॉफ्टवेअर सॅनस या अमेरिकन स्टार्टअपचं. तुम्ही बोलता, सॉफ्टवेअर त्यातले ध्वनी ओळखतं आणि सेकंदाच्या लहानशा भागात तेच वाक्य दुसऱ्या उच्चारात तयार करून पुढे पाठवतं. आवाज साधारण तुमचाच राहतो, पण ‘ट’ तुमचा राहत नाही.

आता प्रश्न असा, की आपला ॲक्सेंट मुळात आहे तरी कोणता? शाळेत म्हणायचे, आपलं इंग्रजी ब्रिटिश. काही अंशी खरंच आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठीतच आहे. आपण ‘क्लास’, ‘पास’, ‘ग्लास’ लिहितो, अमेरिकन तिथे ‘क्लॅस’, ‘पॅस’ म्हणतात. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ यांवरचा अर्धचंद्र ब्रिटिश ‘ऑ’साठी आहे, अमेरिकन तोंडात तो ‘आ’च्या जवळ जातो. ‘लेफ्टनंट’ ब्रिटिश, अमेरिकेत तो ‘लूटेनंट’. हातातला ‘मोबाइल’ही ब्रिटिशच, कारण अमेरिकन त्याला ‘मोबल’सारखं म्हणतात.

पण घरातल्या वायफायच्या डब्याला आपण ‘राउटर’ म्हणतो, ते अमेरिकन. ब्रिटिश लोक ‘रूटर’ म्हणतात. ‘प्रायव्हसी’ची सवयही अमेरिकेकडची, ब्रिटनमध्ये ‘प्रिव्हसी’ जास्त ऐकू येतं. ‘झी मराठी’ अमेरिकन अक्षर आणि ‘झेड प्लस सुरक्षा’ ब्रिटिश, दोन्ही एकाच बातमीत आले तरी आपल्याला काही खटकत नाही.

सर्वांत मजेदार म्हणजे ‘र’. ‘कार’मधला ‘र’ आपण स्पष्ट म्हणतो, अमेरिकनांसारखा. लंडनमध्ये ती फक्त ‘का’ होते. अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवलं असं म्हणणारे इथे फसतात. ‘र’ गाळण्याची पद्धत इंग्लंडमध्येच नंतर रुजली. लंडनमधला ‘र’ अगदी सौम्य झाल्याची नोंद जॉन वॉकर यांनी १७९१ च्या उच्चारकोशात केली आहे. तोपर्यंत अमेरिका स्वतंत्र झाली होती आणि तिथल्या बऱ्याच भागांत जुना ‘र’ टिकून राहिला.

उलट ‘ट’च्या बाबतीत अमेरिकन लोकांनी वेगळी वाट धरली. दोन स्वरांमध्ये आलेला ‘ट’ ते इतका हलका मारतात की आपल्या कानाला तो ‘ड’ वाटतो. ‘वॉटर’चं ‘वाडर’, ‘बेटर’चं ‘बेडर’. ‘रायटर’ आणि ‘रायडर’ जवळजवळ सारखेच. आपला ‘ट’ मात्र जीभ मागे वळवून म्हटलेला, दोघांपेक्षाही कडक. आणि ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांत आपण फारसा फरक करत नाही, हे कबूल करायला हवं.

माणसाला एवढा फरक चालून जातो, कारण तो संदर्भ लावतो. मशिनही संदर्भ लावतं, पण तिला ज्यांचे आवाज जास्त ऐकवले त्यांचंच तिला जास्त कळतं. ॲपलची सिरी २०११ मध्ये आली तेव्हा तिला इंग्रजीचे अमेरिकन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन असे तीन प्रकार यायचे. भारतीय इंग्रजीसाठी २०१५ उजाडलं. अमेरिकेच्या आतही हा प्रश्न आहे. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टच्या बोलणं ओळखणाऱ्या सिस्टिम तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात चुकांचं प्रमाण सरासरी १९ टक्के निघालं, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. देश एक, मातृभाषा इंग्रजी, तरीही.

म्हणून ॲक्सेंट बदलणाऱ्या एआयला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. कॉल सेंटरमध्ये काम केलेला माझा एक मित्र म्हणतो, रोज रात्री कोणी ‘तुझं बोलणं कळत नाही, दुसऱ्याला दे’ म्हणून ओरडण्यापेक्षा सॉफ्टवेअर परवडलं. त्याच्या आधीच्या पिढीला तर अमेरिकन नाव घेऊन, महिनोन्महिने ट्रेनिंग घेऊन बोलायला लागायचं. त्याचं म्हणणं मला पटतं. तरी एक गोष्ट टोचते. कळलं नाही तर दुरुस्ती नेहमी आपल्याच टोकाला. त्या शुक्रवारी न कळलेलं वाक्य अमेरिकन होतं, पण चूक माझ्या नावावर लागली. मॅनेजरचा गिळलेला ‘ट’ मला ऐकू यावा म्हणून कोणी सॉफ्टवेअर बसवलं असतं का? पैसे देणारा ज्या टोकाला, त्या टोकाचा उच्चार ‘न्यूट्रल’ ठरतो.

तोपर्यंत एक करून बघा. फोनच्या कीबोर्डमध्ये व्हॉइस टायपिंगची भाषा एकदा अमेरिकन इंग्रजी, एकदा ब्रिटिश आणि एकदा भारतीय ठेवा, आणि तिन्ही वेळा एकच वाक्य बोला. मध्ये ‘कान्ट’, ‘वॉटर’ आणि घरातल्या कोणाचं तरी आडनाव टाका. कुठे काय चुकतं ते लगेच दिसेल.

मी अजून त्याच टाइम झोनच्या लोकांबरोबर काम करतो. ‘कॅन’सारखं काही ऐकू आलं की आता विचारतो, ‘सो, इज दॅट अ नो?’ परवा पलीकडून उत्तर आलं, ‘सॉरी, से दॅट अगेन?’