स्वस्त चार्जर घरपोच, उत्तरदायित्व मात्र कोणाचे?

वाराणसीतील रामघाट, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आहेत. येथील अरुंद गल्ल्यांतून मोटार जाऊ शकत नाही; मात्र ऑनलाइन मागविलेला चार्जर किंवा पॉवर बँक थेट उंबरठ्यापर्यंत येते. वस्तू स्वस्त मिळते, पण ती सुरक्षित आहे किंवा नाही याची खातरजमा कोणी करायची, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

निकृष्ट चार्जरमध्ये घरातील २३० व्होल्टची वीज आणि मोबाइलकडे जाणारा कमी दाबाचा प्रवाह यांच्यातील विलगीकरण अपुरे असू शकते. ते निकामी झाल्यास वापरणाऱ्यास विजेचा धक्का बसतो. पॉवर बँकेतील लिथियम-आयन बॅटरीला संरक्षक सर्किट नसल्यास ती अतितप्त होऊन पेट घेऊ शकते. अग्निशमन दलाची गाडी जेथे दारापर्यंत येऊ शकत नाही, तेथे हा धोका अधिकच गंभीर ठरतो.

या दोन्ही वस्तूंसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तरीही अप्रमाणित माल मोठ्या कंपन्यांच्या गोदामांपर्यंत पोहोचतो, हे २०२५ मधील कारवाईने स्पष्ट केले. ब्युरोने ७ मार्च रोजी लखनौ येथील ॲमेझॉनच्या गोदामातून २१५ खेळणी आणि २४ हँड ब्लेंडर जप्त केले. त्यानंतर १९ मार्च रोजी दिल्लीतील गोदामातून गीझर, मिक्सर यांसह साडेतीन हजारांहून अधिक वस्तू ताब्यात घेण्यात आल्या. त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये होती आणि त्यांपैकी काहींवर बनावट आयएसआय चिन्ह होते.

आपण केवळ मध्यस्थ आहोत, अशी ऑनलाइन बाजारपेठांची भूमिका असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थांना सशर्त संरक्षणही आहे. मात्र २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव व पत्ता ग्राहकास उपलब्ध करून देणे, तक्रारीची ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे त्यांना बंधनकारक आहे. सदोष वस्तूचा उत्पादक अज्ञात असल्यास अथवा भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असल्यास विक्रेत्यावरही दायित्व येऊ शकते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. विक्रेता कोठेही असला तरी ग्राहक आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकतो. म्हणजेच रामघाटच्या रहिवाशास वाराणसीतच तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याचे शुल्कही नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे मार्गदर्शन मिळते.

परंतु बिल, खोका आणि वस्तूवरील लेबलाचे छायाचित्र जपून ठेवले नसेल, तर हा अधिकार सिद्ध करणे कठीण होते. वस्तूवरील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. वास्तविक ही पडताळणी वस्तू विक्रीस ठेवण्यापूर्वीच व्हावयास हवी. अनेकदा तसे होत नसल्याने गोदामांवर छापे टाकावे लागतात, आणि छाप्यापूर्वी घरात पोहोचलेल्या वस्तूचा धोका ग्राहकाच्याच वाट्याला येतो.